बटणाची जागा

सकाळी ऑफिसात आल्यावर त्याने कॉम्प्युटर लावला, दुकानाचं पान उघडलं आणि न बघताच हात नेहमीच्या जागी नेऊन बटण दाबलं. लक्ष खिडकीबाहेर होतं. समोरच्या इमारतीत एक माणूस काच पुसत होता. पुसलेल्या जागेवर तोंडाची वाफ सोडायचा आणि तीच जागा पुन्हा पुसायचा, काचेशी काही जुनं वैर असल्यासारखा. या एका बटणासाठी त्याला कित्येक वर्षांत डोळे लागले नव्हते. रोज सकाळी दुकानातला एखादा लहानसा खेळ उतरवून घ्यायचा, नीट उघडतोय ना ते बघायचं, आणि मग कामाला लागायचं, ही त्याची सवय. मान वळवली तेव्हा पडद्यावर एक निळी पट्टी भरत चालली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘सोबती येतोय. जरा थांबा.’ त्याने सोबतीला बोलावलं नव्हतं. पट्टी थांबवायला तो फुली शोधू लागला. फुली सापडेपर्यंत पट्टी भरली, कोपऱ्यात एक गोल हसरा चेहरा उगवला आणि त्याने त्याला नावाने हाक मारली. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं त्याला झालं.

दुकान खेळांचं होतं, पण त्याला ना भिंती, ना फळ्या. लोक वेबसाइटवर यायचे, कॉम्प्युटरवर खेळायचा एखादा खेळ विकत घ्यायचे, बटण दाबून तो आपल्याकडे उतरवून घ्यायचे, आणि तिथे दुकानाचा आणि त्या खेळाचा संबंध संपायचा. खेळाला कुलूप नाही, ‘मी उघडू का’ म्हणून तो दुकानाला विचारायला येत नाही. एवढ्या एका गोष्टीवर दुकान उभं राहिलं होतं, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी जगातली सगळी चिडखोर, संशयी, कुणाच्या बापाचं न ऐकणारी गिऱ्हाइकं या दुकानाला येऊन चिकटली होती. आजपासून दुकान ‘सोबती’ नावाचं ॲप काढत होतं. ते आपल्या कॉम्प्युटरवर घालून ठेवायचं. मग तेच खेळ आणणार, तेच लावणार, कोणता मित्र काय खेळतोय ते सांगणार. हवं त्याने घ्यावं, नको त्याने घेऊ नये, जुनं बटण आहे तिथेच राहील. यातलं शेवटचं वाक्य त्याचं होतं. वेबसाइटला जोडून गिऱ्हाइकांचा कट्टा होता. तिथे सगळे टोपणनावांनी भांडत, आणि दुकानातर्फे उत्तरं द्यायला तो ‘कारकून’ या नावाने बसे. सोबतीची बातमी फुटली तेव्हा कट्ट्यावर शिव्यांचा नुसता चिखल झाला होता, आणि त्या चिखलात उभं राहून त्याने लिहिलं होतं, ‘जुनं बटण आहे तिथेच राहील. कारकुनाचा शब्द.’ मग चिखल बसला होता. त्याला त्याचं बरं वाटलं होतं, आणि आज त्या बरं वाटण्याचीच शिसारी येत होती.

त्या शब्दाखाली आज सकाळी गंजक्या खिळ्याचा निरोप येऊन पडला होता. गंजका खिळा म्हणजे मालवाहू बोटीवर इंजिनाकडे काम करणारा कुणी एक माणूस. त्याचा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, खरं नाव ठाऊक नव्हतं, पण आपल्या सख्ख्या नातेवाइकांपेक्षा त्याच्या शिव्या त्याला जास्त पाठ होत्या. दुकानात काहीही बदललं, अगदी पानाचा रंग बदलला तरी खिळा उठायचा आणि टोचायचा. ‘कारकुना,’ आज त्याने लिहिलं होतं, ‘बोट संध्याकाळी सुटते. दुपारच्या सुट्टीत बंदरावरच्या खानावळीत बसून पुढच्या फेरीचे खेळ उतरवून घेणार. समुद्रात इंटरनेट नाही, हे तुझ्या मालकाला कळत नसेल, तुला कळतं. सोबती-फिबती मला नको. बटण जागेवर आहे का? हो किंवा नाही. गोडबोलेपणा करू नकोस.’ सोबतीने आणलेला खेळ इंटरनेट नसेल तर उघडत नव्हता. ते पुढे कधीतरी सुधारू, असं ठरलं होतं. म्हणजे खिळ्याचा हात त्याच्या हातासारखाच सवयीने जागेवर गेला, तर त्याला अख्खी फेरी इंजिनाचा धडधडाट ऐकत, न उघडणाऱ्या खेळांकडे बघत काढायची होती, आणि शिवी द्यायची म्हटली तरी ती किनाऱ्यापर्यंत पोचायची नव्हती.

तो उठून सजावटवालीकडे गेला. पानावर काय कुठे बसवायचं ते ती ठरवायची. कानाला हेडफोन, पायाखाली पाय दुमडलेला.

“बटण कुठे गेलं?”

“कुठलं, भाऊजी?” ऑफिसात सगळे त्याला भाऊजीच म्हणत, कारण मालक त्याला तसं म्हणायचा. एका नव्या सफाईवाल्याने तर ते त्याचं आडनाव समजून महिनाभर ‘भाऊजीसाहेब’ केलं होतं.

“जुनं. उतरवून घ्यायचं.”

“आहे की. खाली जायचं, अजून खाली, ‘इतर मार्ग’ म्हणून आहे ना राखाडी, त्याच्यावर माउस नेला की उघडतं.”

“आणि जागेवर?”

“जागेवर सोबती.” तिने हेडफोन एका कानावरून काढला. “तुम्हीच तर म्हणालात मीटिंगमध्ये, आपली गिऱ्हाइकं डोळे मिटून बटण दाबतात म्हणून. मी म्हटलं, एवढी वाहती जागा, ती कुणासाठी राखून ठेवायची? छान झालंय ना?”

छान झालं होतं. रंग छान होता, चेहरा छान होता. ती मुलगी वाईट नव्हती, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. वाईट माणसाने केलं असतं तर निदान मनातल्या मनात त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. मीटिंगमध्ये आपण ते वाक्य कसं बोललो, तेही त्याला आठवलं. खुर्चीत मागे रेलून, आपल्या माणसांचं कौतुक सांगावं तसं. हात कुठे जातो ते आपणच दाखवलं आणि त्यांनी सापळा तिथे लावला. तो जागेवर येऊन बसला. कोपऱ्यातला गोल चेहरा म्हणाला, ‘मित्र शोधू या?’ त्याने ॲप बंद केलं. चेहरा गेला आणि जरा वेळाने पुन्हा आला. सेटिंगमध्ये पाहिलं तर ‘बंद केल्यावरही सोबती आपोआप उघडावा’ या ओळीपुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती. कुणीतरी त्याच्या वतीने हो म्हणून ठेवलं होतं.

काकांच्या घरीही कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. वडील गेल्यावर आई त्याला घेऊन काकांकडे राहायला गेली, तेव्हा काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “घर तुमचंच आहे, वहिनी. पुढून या, मागून या, मर्जी तुमची.” त्या घराला दोन दारं होती. पुढचं रस्त्याकडे, दगडी पायऱ्यांचं. मागचं गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, तिथे न्हाणीघराचं पाणी सतत ठिबकायचं. पुढच्या दाराशी चपलांचा कप्पा होता. आठवडाभरात त्या कप्प्यात जागा होईनाशी झाली. काकांचे बूट, काकूच्या चपला, चुलत भावांचे खेळायचे बूट, पाहुण्यांसाठी म्हणून एक रिकामा खण. मग एक दिवस आईच्या आणि त्याच्या चपला मागच्या दाराशी दिसल्या. काकू म्हणाली, “तिकडे मोकळं आहे ना, म्हणून ठेवल्या.” चपला मागे, म्हणजे माणूस मागून जाणार. पुढच्या दारातून जायचं तर आधी मागे जाऊन चपला हातात घ्यायच्या, सगळ्या खोल्यांतून, जेवत्या माणसांसमोरून त्या मिरवत न्यायच्या आणि पुढे नेऊन घालायच्या. हे कोण करणार? कुणी केलं नाही. पुढचं दार कुणी बंद केलं नव्हतं, ते दिवसभर सताड उघडं असायचं. वर्षभराने काकांकडे आलेल्या एका पाहुण्याने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, “हे मागच्या बाजूचे भाडेकरू का?” आणि काका हसले. नाही म्हणाले नाहीत, हसले. ते हसणं त्याच्या कानात कायमचं राहिलं, कानात पाणी राहतं तसं.

असंच हसत मेहुणा आत आला. दुकानाचा मालक म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोघांनी मिळून एका खोलीत हे दुकान सुरू केलं होतं, आणि पुढे त्यातला एक मालक झाला होता आणि एक भाऊजी. मेहुण्याने त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बूड टेकलं.

“भाऊजी, कट्टा पेटलाय. एक निरोप टाका तुमच्या नावाने. जुना रस्ता जसाच्या तसा आहे, एवढंच. तुमचं ऐकतात ते लोक.”

“जसाच्या तसा नाहीये.”

“आहे. खाली आहे.”

“तळघरात आहे. राखाडी अक्षरात. बोट ठेवलं तर दिसतो.”

“दिसतो ना? मग?”

“सकाळी माझ्या हाताने सोबती घेतला. मला नको होता.”

मेहुणा खदखदून हसला. “म्हणजे चाललंय म्हणायचं!” मग हसू आवरून त्याने आवाज उतरवला. नात्यातला आवाज. “हे बघा, आज पहिला दिवस. किती जणांनी घेतला ते पैसे लावलेले वरचे लोक बघणार. घेतला म्हणजे घेतला, कसा घेतला ते कुणी विचारत नाही. ताईला काय सांगू मी, भाऊजींनी ऐन वेळी अंग काढलं?”

“मी शब्द दिला होता.”

“कुणाला? गंजक्या खिळ्याला?” मेहुण्याने ते नाव असं उच्चारलं की आजूबाजूच्या दोघांनी माना वर केल्या. “भाऊजी, त्या माणसाला नावसुद्धा नाही. उद्या तो दुसऱ्या दुकानात जाऊन तुम्हाला शिव्या देईल.”

“तो इथेच देतो.”

“जेवणाच्या सुट्टीच्या आत लिहा. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो तुमच्या नावाने लिहायला.” तो उठला, पँट झटकली. “मर्जी तुमची.”

मर्जी तुमची. मेहुण्याने काकांना कधी पाहिलंही नव्हतं, तरी ते दोन शब्द अगदी त्याच चालीवर आले, शेवटचं अक्षर किंचित लांबवून. काही माणसांच्या तोंडात हे शब्द कुठून येऊन बसतात कोण जाणे. पुढ्यात कोरा चौकोन उघडा होता आणि त्यात रेघ लुकलुकत होती. ‘जुना रस्ता’ असं त्याने लिहिलं आणि खोडलं. खोटं नव्हतं ते. कुठल्याही पंचांसमोर उभं केलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं, रस्ता होता. सरळ खोटं असतं तर ते चिमट्यात धरून लांब तरी टाकता आलं असतं. हे हातालाच फासल्यासारखं होतं. फोन वाजला.

“अहो, धाकट्याचा फोन आला होता,” बायको म्हणाली. मागे नळ वाहत होता. “काय आहे एवढं? बटणच ना?”

“बटणच.”

“मग लिहून टाका ना. शर्टाचं असतं तर मी लावून दिलं असतं.”

तो हसला नाही. तिने नळ बंद केला. “घराचे हप्ते, लेकीचं शिक्षण, सगळं त्याच्या दुकानातून येतं, एवढं लक्षात ठेवा. मी काही म्हणत नाही.”

“म्हणतेच आहेस.”

“आणि तुम्ही ऐकताय कुठे? तुमच्या आईही अशाच.”

“अशाच म्हणजे?”

“काही नाही. वेळेवर जेवा.” तिने फोन ठेवला.

अशाच म्हणजे कशा, ते बायकोला सांगोवांगीच माहीत होतं. त्याने पाहिलं होतं. तो पाहुणा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई इस्त्रीच्या कामाला निघाली. ती मागे गेली नाही. ती तशीच, अनवाणी, जेवणाच्या खोलीतून, पेपर वाचणाऱ्या काकांसमोरून पुढच्या दारातून बाहेर पडली आणि दगडी पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. काकांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर घेतला. तो मागे धावला, तिच्या चपला उचलल्या, सगळ्या घरातून त्या छातीशी धरून पळाला. आई कोपऱ्यावर थांबली होती. त्याच्या डोक्यावर हात टेकून, तोल सावरत तिने एकेक चप्पल घातली. संध्याकाळी आली ती पुढून आली आणि चपला कप्प्याच्या बाहेर, पायरीवर काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लाथेने उडवलेल्या होत्या, एक इकडे, एक खाली रस्त्यावर. तिने त्या गोळा केल्या आणि घातल्या. संध्याकाळी पुन्हा पायरीवर. ती घर सोडून गेली नाही, भांडली नाही, कुणाशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या घरात राहीपर्यंत रोज सकाळी कुणीतरी त्या चपला उडवत होतं आणि रोज आई त्या सरळ करत होती. त्याला तेव्हा तिची लाज वाटायची. इतर मुलांच्या आया रस्त्यावर वाकून चपला शोधत नसत.

त्याने चौकोनात लिहिलं, ‘बटण जागेवर नाही. जागेवर सोबती आहे. सोबती नको असेल तर पानाच्या तळाशी राखाडी अक्षरांत इतर मार्ग आहे, तिथून उतरवा. मी दिलेला शब्द पाळला गेलेला नाही. कारकून.’ आणि पाठवून दिलं. समोर मेहुण्याची काचेची खोली होती. काचेतून मेहुणा पडद्याकडे वाकताना दिसला, मग मान वर करून त्याच्याकडे बघताना. निरोप नाहीसा झाला. जिथे तो होता तिथे खालच्या शिव्या सरकून वर आल्या. त्याने तो पुन्हा लिहिला, शब्दाला शब्द तोच. मेहुण्याचा खांदा हलला, निरोप गेला. त्याने पुन्हा टाकला. काचेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, दोघे एकमेकांकडे बघत होते आणि दोघांची बोटं चालली होती. एकाच घरात जेवलेली, एकमेकांच्या दुखण्याखुपण्यात उशाशी बसलेली दोन माणसं, आणि एक शब्द कुणी तोंडाने बोलत नव्हतं. सजावटवालीने हेडफोन काढून गळ्यात घातले होते. पुन्हा टाकायला गेला तेव्हा पडदा पांढरा झाला. ‘कारकून हे नाव सध्या बंद आहे.’ त्याखाली गोल चेहरा हसत होता. ‘सोबतीतून आत येता का?’

काचेपलीकडे मेहुण्याने दोन्ही हात पसरले. आता मी तरी काय करू, अशा अर्थाने.

कट्टा बाहेरून कुणालाही वाचता येत होता. तिथे आता ‘कारकून’ नावाने नवा निरोप झळकला होता, ‘मित्रहो, काळजी नसावी. जुना रस्ता जसाच्या तसा आहे.’ तो वाचताना त्याला आपलेच कपडे घालून दुसरा कुणी रस्त्याने चाललेला दिसावा तसं झालं. कपडे अंगाला नीट बसलेही नव्हते. ‘मित्रहो’ हा शब्द त्याने आयुष्यात कधी लिहिला नव्हता. पण खिळ्याने अजून उत्तर दिलं नव्हतं. खानावळीत बसला असेल. यंत्र उघडलं असेल. हात जागेकडे निघाला असेल.

दुकान उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक कुणीतरी व्हायला हवं म्हणून त्याने स्वतःच एक खेळ घेतला होता. त्यासाठी घाईत ‘चाचणी’ असं नाव ठेवलं होतं. ते नाव कुणी पुसायचंही लक्षात ठेवलं नव्हतं. त्या नावाने तो गिऱ्हाइकाच्या बाजूने आत शिरला, आणि तोच निरोप टाकला. कट्ट्यावरचे लगेच अंगावर आले. ‘हा कोण नवीन?’ ‘दुसऱ्या दुकानाने सोडलेला दिसतोय.’ ‘मालकाचाच माणूस असणार, आमच्यात भांडणं लावायला.’ आपलीच माणसं, आपणच कौतुकाने सांगितलेली, आणि त्यांचे दात बाहेरून कसे लागतात ते त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. मग खिळा आला.

‘चाचणी-फिचणी मला माहीत नाही. कारकून म्हणतो सगळं ठीक आहे. त्याच्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही. माझी सुट्टी संपत आली, बाजूला हो.’

‘तो कारकून नाही. मी आहे. माझं नाव काढून घेतलं.’

‘कशावरून?’

कशावरून. त्याने खोलीभर नजर फिरवली. टेबलावर दुकानाचं ओळखपत्र पडलं होतं, त्यावर फोटो होता. त्याचा इथे काही उपयोग नव्हता. भाऊजी, बायकोचा नवरा, आईचा मुलगा, यातलं काहीच त्या खानावळीत चालणारं नाणं नव्हतं. मेहुणा खुर्चीतून उठताना दिसला.

‘तू मला पहिल्यांदा खाजगीत लिहिलंस,’ त्याने भराभर लिहिलं, ‘तेव्हा पाणी नसलेला नळ म्हणाला होतास. नुसता खरखर आवाज करतो, देत काही नाही. मी तीन दिवस उत्तर दिलं नाही, म्हणून तू विचारलंस, मेलास का? मी लिहिलं, नाही, चिडलोय. त्यावर तू पहिल्यांदा हसलास. मित्रहो म्हणणारा मी असतो का, तूच सांग.’

गंजका खिळा लिहितोय, असं एक बारीक वाक्य आलं, गेलं, पुन्हा आलं. पाठीमागे काचेचं दार उघडल्याचा आवाज झाला आणि मेहुण्याचे बूट जवळ यायला लागले.

‘नळा,’ खिळ्याने लिहिलं, ‘हात बटणावरच आहे माझा. कुठे नेऊ ते सांग.’

“भाऊजी,” मेहुणा अगदी कानाशी म्हणाला, “उठा तिथून.”

‘खाली,’ त्याने लिहिलं. मान वर केली नाही. बोटांकडे, पडद्याकडे, दोन्हीकडे डोळे लावून त्याने लिहिलं, ‘अजून खाली.’